साठ दिवस की सहा महिने? अंतरिम पोटगीवरचा एक निकाल, रिव्ह्यूअरच्या नजरेने

या ब्लॉगवर आपण एरवी शोधनिबंध कसा वाचायचा ते बघतो. आज एक न्यायनिर्णय घेतलाय. त्याचं कारण असं की, माझ्यासोबत एमएस्सी केलेल्या एका मैत्रिणीने लग्नानंतर पीएचडीची जागा सोडली होती. आता तिचा घटस्फोटाचा दावा चालू आहे आणि अंतरिम पोटगीच्या अर्जावर अजून आदेश नाही. तिने मला एक पीडीएफ पाठवली आणि लिहिलं, "तू दिवसभर पेपर वाचतेस ना? मग हे वाच आणि सांग, यात माझ्यासाठी काय आहे."

मी वकील नाही, त्यामुळे हा कायदेशीर सल्ला समजू नका. पण दावा, पुरावा आणि निष्कर्ष यांची सांगड बसते का, हे तपासायला आपण शिकतोय. तेवढंच इथे करू.

आधी पार्श्वभूमी. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २४ नुसार दावा चालू असेपर्यंत, स्वतःचं पुरेसं उत्पन्न नसलेल्या पती किंवा पत्नीला दरमहा पोटगी आणि दाव्याचा खर्च मिळू शकतो. हो, पतीलाही. विशेष विवाह कायद्याच्या कलम ३६ मध्ये मात्र ही सोय फक्त पत्नीला आहे. २००१ च्या दुरुस्तीने कलम २४ मध्ये एक ओळ आली: नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अर्ज निकाली काढावा. 'शक्यतो' हा शब्द लक्षात ठेवा.

मैत्रिणीने पाठवलेला निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा, सर्वोच्च न्यायालयाचा. न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांचं खंडपीठ. पक्षकारांची नावं मुद्दाम घेत नाही. मूळ प्रकरण महाराष्ट्रातलं आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचं (आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे), पण मार्गदर्शक तत्त्वं पोटगीच्या सगळ्याच कायद्यांना लागू केली आहेत.

काय चांगलं आहे

या निकालाची पद्धत आपल्याला ओळखीची वाटेल. न्यायालय म्हणतं की पत्नीची गरज फुगवून सांगण्याकडे कल असतो, तर पतीचा खरं उत्पन्न लपवण्याकडे. मग अंतरिम टप्प्यावर रक्कम बरीचशी अंदाजाने ठरते. त्यावर उपाय म्हणून दोघांनीही ठरावीक नमुन्यात मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. शेतीवर अवलंबून असलेल्यांसाठी वेगळा नमुना आहे, मेघालयासाठी आणखी वेगळा. म्हणजे प्रत्येक प्रयोगशाळेने आपापल्या पद्धतीने मोजण्याऐवजी एकच प्रोटोकॉल.

दुसरी गोष्ट, पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. आधी कुठे आदेशाच्या तारखेपासून, तर कुठे अर्जाच्या तारखेपासून मिळायची. हा गोंधळ संपवला. तिसरी गोष्ट माझ्या मैत्रिणीच्या कामाची: पत्नी शिकलेली आहे, कमवू शकते, एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही. कमावण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष कमाई या दोन वेगळ्या राशी आहेत. एमएस्सीची पदवी म्हणजे पगाराची स्लिप नव्हे.

कुठे अडतं

पहिली अडचण काळाची. निकाल स्वतःच मान्य करतो की ६० दिवसांची तरतूद असूनही अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात. याच प्रकरणात अर्ज सप्टेंबर २०१३ चा आणि कौटुंबिक न्यायालयाचा आदेश ऑगस्ट २०१५ चा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो २०१८ मध्ये कायम केला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये. म्हणजे अंतरिम सोयीवरच सात वर्षं गेली.

मग नवीन मुदत किती दिली? प्रतिज्ञापत्रं दाखल झाल्यावर जास्तीत जास्त चार ते सहा महिने. इथे थांबा आणि आपला नेहमीचा प्रश्न विचारा: शून्य वेळ कुठली? कायद्याचं घड्याळ नोटीस बजावल्यावर सुरू होतं, निकालाचं प्रतिज्ञापत्रं आल्यावर. दोन्ही मुदती एकाच आलेखावर मांडल्या तर नवीन रेघ लांब आहेच, शिवाय ती उशिरा सुरू होते. वास्तव बघून लक्ष्य शिथिल केलं, असं याचं समर्थन करता येईल आणि ते अगदीच चुकीचं नाही. पण मग तसं स्पष्ट म्हणायला हवं होतं.

कुणी म्हणेल, पैसे अर्जाच्या तारखेपासून मिळतात ना, मग उशिराने काय बिघडलं? याच प्रकरणाचे आकडे घ्या. पत्नीला १५,००० आणि मुलाला ५,००० रुपये दरमहा, सप्टेंबर २०१३ पासून. आदेश झाला तोवर २४ महिने झाले होते, म्हणजे ४,८०,००० रुपये. कागदावर हिशोब चुकता होतो. पण घरभाडं आणि शाळेची फी दर महिन्याला भरावी लागते, आणि पुढे एकदम थकबाकी देणाऱ्यालाही ते जड जातं. मागील तारखेने रक्कम भरून निघते, गेलेला काळ भरून निघत नाही.

दुसरी अडचण मोजमापाची. प्रतिज्ञापत्र म्हणजे शेवटी स्वतःच दिलेली माहिती. खोटं लिहिल्यास कारवाईची तरतूद आहे, पण ते खोटं आहे हे आधी शोधावं लागतं. एकाने गरज वाढवून सांगितली, दुसऱ्याने उत्पन्न कमी सांगितलं, तर मधली रक्कम बरोबर येईल असं वाटतं. तसं होत नाही. या यादृच्छिक चुका नाहीत, पद्धतशीर आहेत, आणि त्या सारख्याच आकाराच्या असतील याची खात्री नाही. पगारदाराचा आकडा बँकेत दिसतो, रोखीचा धंदा करणाऱ्याचा दिसत नाही.

तिसरी अडचण पुराव्याची. उशिराची कारणं दिली आहेत: न्यायालयांवरचा बोजा, सतत मागितलेल्या तारखा, लांबणारी कैफियत. पटण्यासारखी आहेत. पण कोणत्या कारणाचा वाटा किती, हे मोजलेलं नाही. मग उपाय नेमका कुठे लागू पडला हे नंतर तपासणार कसं?

आणि हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयालाच दुसऱ्या एका प्रकरणात नोंदवावं लागलं की ही तत्त्वं पाळली जात नाहीत, आणि निकाल पुन्हा सगळीकडे पाठवायला सांगावं लागलं. प्रोटोकॉल छापून आला म्हणजे तो वापरला गेला असं नाही.

जाता जाता एक इशारा. "पगाराच्या २५ टक्के" हा आकडा तुम्ही ऐकला असेल. तो २०१७ च्या एका निकालातून फिरतोय, आणि ते प्रकरण कलम २५ खालच्या कायम पोटगीचं होतं, अंतरिम नव्हे. २०२० चा निकाल तर ठरलेलं सूत्र नाही असंच म्हणतो. एका नमुन्यावरून नियम काढू नका, हे आपण पहिल्या वर्षाला शिकतो.

रिव्ह्यूअर म्हणून माझा शेरा: स्वीकारावा, पण मोठ्या दुरुस्तीसह. प्रत्येक कौटुंबिक न्यायालयाने अर्ज ते अंतरिम आदेश यातल्या दिवसांचा मध्यक दरवर्षी जाहीर करावा. तारखा नोंदीत असतातच, फक्त मोजायच्या आहेत. तुमच्यापैकी कुणी कायदा किंवा सामाजिक शास्त्रांत संशोधनाचा विषय शोधत असेल तर हा घ्या.

मैत्रिणीला मी एवढंच लिहिलं: वकिलांना विचार, समोरच्याचं प्रतिज्ञापत्र कोणत्या तारखेला आलं. ती म्हणाली, "अजून आलंच नाही." म्हणजे तिचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही.