अक्षरांचे निर्जन नगर

पॉल नोबल (जन्म १९६३) या इंग्रज चित्रकाराने १९९०च्या दशकात 'नॉब्सन न्यूटाउन' नावाचे एक काल्पनिक नगर पेन्सिलीने रेखाटण्यास आरंभ केला व पुढे अनेक वर्षे तो त्यातच रमला. १९४६च्या कायद्यानुसार ब्रिटनमध्ये जी नियोजित नवी नगरे वसविण्यात आली, त्यांचे हे विडंबन होय. 'नॉब्सन सेंट्रल' (१९९८-९९) हे या मालिकेतील सुमारे तीन मीटर उंच व चार मीटर रुंद असे विशाल चित्र. प्रथमदर्शनी तो उद्ध्वस्त शहराचा मध्यभाग वाटतो : छपरे उडालेल्या इमारती, अर्धवट भिंती, राडारोडा. काही वेळाने लक्षात येते की, या इमारती म्हणजे रोमन लिपीतील अक्षरे आहेत आणि घरांच्या रांगा म्हणजे टी. एस. एलियट यांच्या 'द वेस्ट लँड' (१९२२) या काव्यातील मजकूर आहे.

पालीच्या अभ्यासकाला येथे थांबणे भाग आहे. या काव्याच्या तिसऱ्या भागाचे शीर्षक 'द फायर सर्मन', म्हणजेच गयासीसावर पूर्वाश्रमीच्या एक हजार जटिलांना उद्देशून झालेले आदित्तपरियायसुत्त. एलियट यांनी आपल्या टीपेत हेन्री क्लार्क वॉरेन यांच्या भाषांतराचा निर्देशही केला आहे. तथापि, तेवढ्यावरून हे चित्र त्या सुत्ताचा आविष्कार ठरत नाही. सुत्तातील आग पाहणाऱ्याच्या चक्षूलाच लागलेली आहे. नोबलच्या चित्रातील आग केव्हाच विझली असून ती लागली होती समोरच्या भिंतींना. आपण सुरक्षित अंतरावरून पाहतो, हा फरक मूलगामी आहे.

हे अंतर रेखाटनपद्धतीतच आहे. येथे दूर जाणाऱ्या रेषा एका बिंदूकडे झुकत नाहीत, समांतरच राहतात. त्यामुळे जवळचे घर मोठे व दूरचे लहान असा भेद उरत नाही आणि प्रेक्षकाला उभे राहण्यासाठी निश्चित जागाही मिळत नाही. वाचू लागावे तर घर नाहीसे होते, घर पाहावे तर शब्द विस्कटतो. चित्राचे खरे सामर्थ्य या संदिग्धतेत आहे, आणि ते थोडेथोडके नव्हे.

या नगरात मनुष्य नाही. अशा चित्राला 'शून्यता' म्हणण्याचा मोह समीक्षेत वारंवार होतो, तो टाळावा. मज्झिमनिकायातील चूळसुञ्ञतसुत्ताचा आरंभ एका वास्तूपासूनच होतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मिगारमातेचा प्रासाद हत्ती, गाई, घोडे यांनी शून्य आहे. परंतु भिक्षुसंघामुळे तेथे जे आहे, ते अशून्यच आहे. जे नाही ते नाही म्हणून जाणावे व जे उरले ते आहे म्हणून जाणावे, अशी ती काटेकोर रीत आहे. केवळ ओस पडणे म्हणजे शून्यता नव्हे. या रीतीने पाहिले असता नोबलच्या नगरात बरेच काही उरते : पेन्सिलीचे अपार कष्ट, आणि एका प्रतिष्ठित कवीचे शब्द. माणसे गेली, वाङ्मय राहिले! ही निवड मला निर्दोष वाटत नाही.

तुलनेसाठी सांचीच्या तोरणांवरील नगरे पाहावीत. दक्षिण तोरणावर अस्थींसाठी कुशिनगराला पडलेला वेढा कोरलेला आहे. तट, हत्ती, योद्धे यांची तेथे नुसती दाटी आहे. अन्यत्र सज्जांतून स्त्री-पुरुष डोकावताना दिसतात. दिसत नाहीत ते फक्त भगवान बुद्ध. एकाची अनुपस्थिती अर्थपूर्ण व्हावी म्हणून शिल्पकारांनी सारे नगर भरून टाकले आहे. त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचा लेख आहे. तेथे अक्षरे माणसांची साक्ष देतात.

अर्थात, ती साक्षही दीर्घकाळ मुकीच होती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी सांचीच्या लेखांच्या अखेरीस पुनःपुन्हा येणारी अक्षरे 'दानं' अशी वाचली, तोवर ती पाहणाऱ्यांना नुसत्या खुणा होत्या. रोमन लिपी न जाणणाऱ्याला 'नॉब्सन सेंट्रल' तसेच दिसेल : काही पडकी घरे, त्यांच्यामधून जाणाऱ्या वाटा, आणि कोठेही कोणी नाही.