निर्णय कुठे आहे?

गोंदिया हा धानाचा जिल्हा. इथल्या शेतकऱ्याची दोन सरकारी कागदांशी गाठ पडते : सातबारा आणि शासन निर्णय. लेखन म्हणून मला सातबारा सरस वाटतो. गाव नमुना ७ मध्ये जमिनीवरचे हक्क, १२ मध्ये पिके. प्रत्येक माहितीची जागा ठरलेली. शासन निर्णय मात्र आधी ‘वाचा’ म्हणत जुन्या संदर्भांची यादी देतो, मग प्रस्तावना, आणि त्यानंतर निर्णय. हा क्रम फायलीच्या सोयीचा आहे, वाचणाऱ्याच्या नव्हे. संदर्भ शेवटी दिले म्हणून त्यांचे वजन घटत नाही. १९६४च्या राजभाषा अधिनियमाने कारभाराला मराठी दिली. मांडणीचा प्रश्न उरलाच. धान विकणाऱ्याला आधी मुदत हवी असते. ती शेवटच्या पानावर सापडली, तर मराठीतला कागदही त्याला परकाच.