विद्यापीठीय संशोधनाचे व्यावसायिकीकरण आणि सार्वजनिक उद्योग उबवणी केंद्रे : वसमतच्या हळदीच्या संदर्भात एक चिकित्सा

विद्यापीठातील संशोधन समाजाच्या उपयोगी पडावे ही अपेक्षा जुनी आहे. त्यासाठी सार्वजनिक निधीतून उभारलेली उद्योग उबवणी केंद्रे, म्हणजेच इन्क्युबेशन सेंटर, हे साधन मात्र तुलनेने नवे आहे. अशा केंद्राचा प्रारंभ १९५९ मध्ये अमेरिकेतील बटाव्हिया येथे, कारखान्याच्या एका रिकाम्या इमारतीत झाला. भारतात १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान उद्योजकता विकास मंडळ स्थापन झाले. प्रस्तुत लेखात या साधनाची हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात चिकित्सा करावयाची आहे.

शोधनिबंध आणि विक्रीयोग्य उत्पादन यांच्यामध्ये लहान प्रमाणावरील उत्पादन, चाचणी, बौद्धिक संपदेचे संरक्षण आणि पहिला ग्राहक हे टप्पे येतात. या टप्प्यांसाठी विद्यापीठाजवळ निधी नसतो आणि जोखमीमुळे खाजगी भांडवल पुढे येत नाही. सार्वजनिक निधीचे समर्थन येथेच संभवते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने २००७ मध्ये सुरू झालेल्या व्हेंचर सेंटरचे महत्त्व जागेपेक्षा सामायिक उपकरणे, प्रयोगशाळा व बौद्धिक संपदाविषयक साहाय्य यांत आहे.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याला परभणीचे कृषी विद्यापीठ आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ जवळ आहे. वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तथापि शिजवणे, वाळवणे व पॉलिश करणे यांवरच उत्पादक थांबला, तर करक्युमिन व ओलिओरेझीन यांतील मूल्यवर्धन इतरांच्या हाती जाते.

हळदीच्याच निमित्ताने मालकीचा प्रश्न एकदा जगापुढे आला होता. जखम भरून काढण्याच्या हळदीच्या गुणाचे पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा विजय महत्त्वाचा असला तरी बचावाचा होता. दुसऱ्याचा दावा खोडून काढल्याने आपले उत्पादन बाजारात येत नाही.

येथेच प्रचलित प्रारूपाची मर्यादा दिसते. ते एक संशोधक, एक पेटंट व एक कंपनी अशी कल्पना करते. भौगोलिक मानांकन मात्र उत्पादकांचा सामूहिक हक्क असतो. केंद्राचे दार केवळ पदवीधर नवउद्योजकासाठी उघडे राहिले, तर ज्यांच्या पिकावर संशोधन झाले तेच बाहेर राहतील. म्हणून शेतकरी उत्पादक कंपनीलाही प्रवेश असावा. नोंदणीकृत स्टार्टअपची संख्या हा यशाचा एकमेव निकष मानणे अपुरे आहे; किती नमुने तपासले गेले, किती प्रक्रिया शेतापर्यंत पोहोचल्या आणि उत्पादकाच्या पदरात किती पडले, हेही मोजले पाहिजे.

प्रत्येक महाविद्यालयात स्वतंत्र केंद्र उभारणे जिल्ह्याला परवडणारे नाही व आवश्यकही नाही. वसमत येथे एक सामायिक चाचणी-सुविधा असावी आणि रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व वाणिज्य विभागांनी तिला जोडून घ्यावे. अन्यथा सार्वजनिक पैशातून इमारती उभ्या राहतील, निबंध प्रसिद्ध होतील आणि हळद मात्र कच्चा माल म्हणूनच जिल्ह्याबाहेर जाईल.