एकाच पडद्याचे दोन कारभारी

लिनक्सच्या डेस्कटॉपवर खिडकी उघडते, कर्सर सरकतो, अक्षर उमटते. हा सगळा कारभार कित्येक वर्षे एक्स नावाच्या एकट्या प्रणालीकडे होता. १९८४ साली एमआयटीमध्ये त्याचा जन्म झाला आणि १९८७ मध्ये आलेली त्याची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स-११, अजूनही पुष्कळ संगणकांवर चालते. प्रोग्रॅम दूरच्या मोठ्या यंत्रावर चालवायचा आणि त्याची खिडकी आपल्या टेबलावर पाहायची, ही त्या काळातली कल्पना आजही थक्क करते.

पण एक्सचे घर बिनकड्यांचे. पडद्यावरचा कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू शकतो, दाबलेली प्रत्येक कळ ऐकू शकतो. ब्राउझरमध्ये टाइप केलेला पासवर्ड शेजारच्या खेळालाही ऐकू जातो. परिचितांच्या प्रयोगशाळेत हे चालून गेले. आज कुठूनही उतरवलेले प्रोग्रॅम शेजारी-शेजारी चालतात, तिथे ते चालणार नाही.

प्रोग्रॅमर क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये एक्सच्या जागी वेलँड सुरू केले, तोवर एक्सचे बरेचसे काम कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि खिडक्यांची मांडणी करणारा कंपोझिटर यांनी वाटून घेतले होते. एक्स उरला होता तो मधला निरोप्या म्हणून. वेलँडने तो काढून टाकला. आता कंपोझिटरच थेट कर्नलशी बोलतो, अर्धवट रंगलेले चित्र पडद्यावर जात नाही, आणि प्रोग्रॅमला स्वतःच्या खिडकीपलीकडचे काही दिसत नाही.

माझे मत वेलँडच्या बाजूचे आहे. तरी एक तक्रार मनापासून आहे. दारे लावली तेव्हा कोण बाहेर राहिले, हे फार उशिरा पाहिले गेले. आपला पडदा दुसऱ्यांना दाखवायला पाइपवायर आणि पोर्टल या नव्या सोयींची वाट पाहावी लागली. छायाचित्रकारांना हवा असलेला रंग-व्यवस्थापनाचा प्रोटोकॉल २०२५ मध्ये आला. सर्वांत जास्त झळ बसली ती दृष्टिहीन वापरकर्त्यांना. ऑर्कासारख्या स्क्रीन रीडरला कोणत्याही खिडकीतली कळ ऐकू यावी लागते, आणि वेलँडने नेमके तेच बंद केले. नोम या डेस्कटॉपमध्ये त्यासाठी नीट सोय झाली ती ४८व्या आवृत्तीत, तीही २०२५ मध्येच. शिवाय एक्समध्ये एकदा लिहिलेली युक्ती सगळीकडे चाले. आता नोम, केडीई आणि स्वे अशा डेस्कटॉपांच्या सोयी वेगवेगळ्या, म्हणून छोट्या साधनांच्या लेखकांना तेच काम तीनदा करावे लागते.

फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१६ मध्येच वेलँडला पहिली पसंती दिली होती. २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅटच्या लिनक्सच्या दहाव्या आवृत्तीतून एक्सचा सर्व्हर काढलाच. एक्ससाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम मात्र एक्सवेलँड या दुव्यामधून वेलँडवर चालतात. तिथे ते सगळे अजून एकाच खोलीत नांदतात आणि एकमेकांच्या कळा ऐकतात; वेलँडच्या खिडक्या तेवढ्या त्यांना दिसत नाहीत.