निळू फुले : एका मुद्रेचा विस्तार आणि संकोच

अष्टपैलू नटाचे मूल्यमापन करताना मराठी समीक्षा बहुधा वेशांतर, आवाजातील बदल आणि भूमिकांची संख्या यांकडे पाहते. निळू फुले यांची कारकीर्द या मोजमापात पुरती बसत नाही, कारण त्यांनी चेहरा वा आवाज फारसा न बदलता परस्परविरोधी वृत्तींची माणसे उभी केली. त्यांच्या वाटचालीत लोकनाट्य, नाटक आणि चित्रपट या तिन्ही माध्यमांनी अभिनेत्याला काय दिले आणि त्याच्याकडून काय हिरावून घेतले, हे स्पष्ट दिसते.

त्यांची जडणघडण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात, म्हणजे गाणी, नृत्ये व वग यांतून सामाजिक विचार लोकांपर्यंत नेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या संचात झाली. तमाशातील बतावणी, म्हणजे प्रेक्षकांचा अंदाज घेत फुलवत नेला जाणारा विनोदी संवाद, नटाला शब्दापूर्वीच्या विरामाचे भान देते. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांना नाव मिळवून दिले, आणि पुढे गंभीर भूमिकांतही त्यांची ताकद याच विरामात राहिली.

अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) पासून ते चित्रपटात स्थिरावले. मात्र मराठी ग्रामीण चित्रपटाने त्यांना लवकरच बेरकी पाटील, सावकार वा पुढारी यांच्या साच्यात बसवले. नटाच्या एका यशस्वी भूमिकेचीच पुनरावृत्ती करत राहण्याच्या या व्यावसायिक प्रवृत्तीमुळे त्यांच्या क्षमतेचा मोठा भाग पडद्यावर वापरलाच गेला नाही, हा त्या काळच्या चित्रपटसृष्टीवरचा गंभीर आक्षेप ठरतो.

रंगभूमीने ही कोंडी फोडली. विजय तेंडुलकर यांच्या ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) या कमलाकर सारंग दिग्दर्शित नाटकात, नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांना स्वतःच्या अटींवर घरात ठेवणारा सखाराम त्यांनी साकारला. नाटकावर अश्लीलतेचे आरोप होऊन प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, तरी या भूमिकेतील हिंसा, उघडा प्रामाणिकपणा आणि एकाकीपण यांची गुंतागुंत त्यांनी एकाच देहबोलीत सांभाळली. जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’मध्ये तर त्याच नटाने सत्तेच्या भ्रष्टतेने व्यथित झालेला गांधीवादी वृद्ध उभा केला.

रंगभूमीवर सिद्ध झालेली ही क्षमता पडद्यावर उतरली ती जब्बार पटेल यांच्या चित्रपटांत. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखवल्या गेलेल्या ‘सामना’तील हिंदुराव धोंडे पाटील वरवर पाहता परिचित साच्यातलाच आहे, पण तेंडुलकरांच्या पटकथेने त्याला सहकारी साखर कारखानदारीतून उभ्या राहिलेल्या सत्तेचा संदर्भ दिला, आणि फुले यांनी दरडावण्यापेक्षा आतिथ्यातून ती सत्ता व्यक्त केली. श्रीराम लागू यांच्या मास्तरांसमोर त्यांचा हिंदुराव क्रमाने अस्वस्थ होत जातो, तेव्हा खलनायकाला अंतःकरण असल्याची जाणीव होते. ‘सिंहासन’ (१९७९) मधील पत्रकार दिगू टिपणीस हे याच्या अगदी विरुद्ध टोक होय: येथे सत्ता त्याच्या हाती नाही, तो केवळ पाहतो आणि ऐकतो, त्यामुळे प्रतिक्रिया दाबून धरणे हाच अभिनयाचा मुख्य भाग ठरतो. महेश भट्ट यांच्या ‘सारांश’ (१९८४) मध्ये मात्र ते पुन्हा राजकीय पुढाऱ्याच्या भूमिकेत दिसतात; हिंदी पडद्यानेही त्यांची परिचित मुद्राच पुढे चालवली.

या सर्व भूमिका एकत्र पाहिल्या असता अष्टपैलुत्व हा एकट्या नटाचा गुण राहत नाही; लेखकाने माणसाला दिलेली खोली आणि दिग्दर्शकाने पत्करलेला धोका यांच्याशिवाय तो प्रकट होऊ शकत नाही. फुले यांची तयारी कायम तीच होती, बदलत गेली ती त्यांच्यासमोर आलेली संहिता. म्हणूनच लोककलेतून येणाऱ्या नटांना आजही केवळ विनोदी वा ग्रामीण भूमिकांपुरते मर्यादित ठेवणाऱ्या मराठी नाट्य-चित्रपटसृष्टीने या कारकिर्दीकडे गौरवाच्या भावनेने पाहताना आत्मपरीक्षणही करणे आवश्यक आहे.