लोकसंख्या वाढली, म्हणजे नेमकं काय झालं?



आजचा विषय आहे अमेरिकेची सुरुवातीच्या काळातली लोकसंख्यावाढ. जालन्यात बसून अमेरिकेची दोनशे वर्षांपूर्वीची जनगणना कशाला उकरायची, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. आमचं म्हणणं एवढंच, की त्या आकड्यांवर एक सिद्धांत उभा राहिला, तो जगभर फिरला, आणि गरीब माणसाच्या घरातली मुलं मोजण्याची आपली सवयही बऱ्याच अंशी त्यानेच घडवली. म्हणून तो तपासायचा. आणि तपासताना आपला जालना जिल्हाच आपल्या मदतीला येणार आहे.

आधी वाक्य बघू. "लोकसंख्या वाढली." तत्त्वज्ञानाच्या माणसाला वाक्य दिसलं की त्यातला कर्ता शोधायची खोड असते. इथे कर्ता लोकसंख्या. पण लोकसंख्या हा काही शेतातला कापूस नव्हे, आपोआप वाढायला. हा आकडा तीन वाटांनी वाढतो. मेलेल्यांपेक्षा जन्मलेली जास्त, ही एक वाट. गेलेल्यांपेक्षा आलेली जास्त, ही दुसरी. आणि तिसरी, जी आपण हमखास विसरतो, ती म्हणजे सीमाच हलली.

तिसरीचं उदाहरण घरचंच आहे. १९८१ ची जनगणना फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली. दोनच महिन्यांनी, १ मे १९८१ रोजी, जालना जिल्हा झाला. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आले आणि परभणीतून परतूर आला. आता कुणी औरंगाबादचा १९८१ चा जुना आकडा घेतला आणि त्याच्याशेजारी १९९१ चा नवा ठेवला, तर त्याला वाटेल, दहा वर्षांत इथून लाखो माणसं कुठे गेली? कुणीही कुठे गेलं नाही. भोकरदनचा माणूस भोकरदनलाच होता, फक्त त्याचा जिल्हा बदलला. आकडा माणसांचा असतो असं आपण समजतो. खरं तर तो एका दिवशीच्या, एका रेषेच्या आतल्या माणसांचा असतो.

एवढं लक्षात ठेवून अमेरिकेकडे जाऊ. तिथली पहिली जनगणना १७९० ची. माणसं भरली सुमारे ३९ लाख. १८२० साली ९६ लाख. १८६० साली ३ कोटी १४ लाख. म्हणजे सत्तर वर्षांत आठपट! या जनगणनेच्याही आधी, १७५१ साली, बेंजामिन फ्रँकलिनने एक छोटा निबंध लिहिला होता. त्याचं म्हणणं साधं होतं : इकडे जमीन मुबलक आहे, म्हणून तरुण लवकर लग्न करतात, लवकर लग्न झाल्यामुळे मुलं जास्त होतात, आणि वीस-पंचवीस वर्षांत लोकसंख्या दुप्पट होते. १७९८ साली इंग्लंडमध्ये माल्थसने हीच दुप्पट उचलली आणि तिचा नियम केला. अडवणूक नसेल तर माणसं दर पंचवीस वर्षांनी दुप्पट होतात, अन्न मात्र त्या वेगाने वाढत नाही. पुरावा काय? तर अमेरिका.

यावर पहिला मोठा हल्ला विल्यम गॉडविनने १८२० साली केला. तो म्हणाला, अमेरिकेत माणसं जन्मामुळे वाढलेली नाहीत, ती युरोपातून जहाजं भरभरून येताहेत. प्रश्न अचूक होता, पण उत्तर चुकलं. अमेरिकेत येणाऱ्यांची रीतसर नोंद १८२० पासून सुरू झाली. त्याआधीच्या चाळीसेक वर्षांत मिळून अडीच लाखांच्या आसपास माणसं आली असावीत, असा जुना अंदाज आहे. १७९० ते १८२० या तीस वर्षांतली वाढ होती ५७ लाखांची. अडीच लाखांनी ५७ लाखांचा हिशेब कसा लागणार? स्थलांतरितांची मोठी लाट नंतरची आहे. १८२० च्या दशकात दीड लाखाच्या आत, १८४० च्या दशकात सतरा लाख, १८५० च्या दशकात सव्वीस लाख. तेव्हा सुरुवातीच्या वाढीत जन्माचा वाटा मोठा होता, हे माल्थसचं म्हणणं आकड्यांपुरतं टिकतं.

मग विस्ताराचं काय? १८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना घेतलं. दीड कोटी डॉलरला सव्वाआठ लाख चौरस मैल, म्हणजे देशाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट. आणि त्या मुलखातून जनगणनेच्या वहीत किती माणसं चढली? १८१० च्या मोजणीत तिथली माणसं एक लाखाच्या आत भरतात, आणि देशाचा एकूण आकडा ७२ लाख. जमीन दुप्पट झाली, माणसं शंभरात एक-दीडने वाढली. मग इथेही माल्थसच जिंकला म्हणायचा का?

नाही. आमची टीका इथेच सुरू होते.

आपल्या न्यायशास्त्रात उपाधी नावाची एक सुंदर कल्पना आहे. "जिथे धूर तिथे अग्नी" हे अनुमान चालतं. "जिथे अग्नी तिथे धूर" हे चालत नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा बघा, अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायला ओलं सरपण लागतं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी, नियमात न सांगितलेली पण नियम ज्याच्या जोरावर चालतो ती अट. माल्थसने अग्नी पाहिला, धूर पाहिला, आणि सरपण वगळून नियम केला.

अमेरिकेतलं ओलं सरपण कोणतं? रिकामी केलेली जमीन. रिकामी असलेली नव्हे, केलेली. तिथे माणसं राहत होती, पण ती वहीत नव्हती. अमेरिकेच्या राज्यघटनेने प्रतिनिधींच्या वाटणीसाठी माणसं मोजताना कर न भरणाऱ्या मूळ रहिवाशांना हिशेबातून वगळलं, आणि गुलामाला तीन-पंचमांश माणूस धरलं. १८३० साली त्या रहिवाशांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हलवण्याचा कायदा झाला. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना सक्तीने बाहेर काढलं, त्या वाटेवर आणि छावण्यांत सुमारे चार हजार माणसं मेली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. ही माणसं आधी आकड्यात नव्हती, म्हणून गेल्यावर आकडा कमी झाला नाही. त्यांच्या जागी आलेल्या शेतकऱ्याची मुलं मात्र एकेक करून मोजली गेली. विस्ताराने माणसं दिली नाहीत, विस्ताराने जमीन दिली, जमिनीने लवकर लग्नं दिली, आणि लग्नांनी आकडा दिला. जन्म, आगमन आणि सीमा या तीन वाटा कागदावर वेगळ्या दिसतात. जमिनीवर त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात.

गुलामांचंही तसंच. त्यांची आयात १८०८ पासून बंद झाली. १७९० मध्ये ते सुमारे सात लाख होते, १८६० मध्ये जवळजवळ चाळीस लाख. ही वाढ मुख्यतः जन्माची. पण नव्या कापूस-मुलखात त्यांना विकून, साखळ्या घालून नेलं गेलं, तो आकडा दहा लाखांच्या घरातला आहे. देशाच्या एकूण आकड्यात हे स्थलांतर दिसतच नाही.

माल्थसवर अन्याय नको. मूळ रहिवाशांना हुसकून लावण्याच्या हक्काबद्दल त्याने पुढच्या आवृत्त्यांत नैतिक शंका घेतली आहे. पण ती शंका त्याच्या गणितात उतरली नाही. नीती एका परिच्छेदात राहिली आणि नियम जगभर गेला. आपल्याकडे तो कसा आला, तेही ऐका. १८०५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८३४ पर्यंत, माल्थस ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात प्राध्यापक होता. हिंदुस्थानात कारभार करायला येणारी पोरं त्याच्या वर्गात बसत. अमेरिकेतल्या मोकळ्या केलेल्या जमिनीवरून काढलेला नियम ती पोरं दाट वस्तीच्या, करांनी वाकलेल्या मुलखात घेऊन आली.

आता तेच १८०३ साल आपल्या बाजूने बघू. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, ती आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, केळणा नदीच्या काठी. शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. तहांत वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाकडे गेलं, पुढे १८५३ मध्ये कंपनीच्या ताब्यात गेलं. आपण इकडे निजामाकडेच राहिलो, ते सप्टेंबर १९४८ पर्यंत. मग १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. सीमा इतक्यांदा हलली, पण कुणबी आपल्या रानातच होता. तिकडे सीमा हलली की जमीन मोकळी होई, इकडे सीमा हलली की फक्त सारा वसूल करणारा बदले. इथे "दर पंचवीस वर्षांनी दुप्पट" कुठून येणार? उलट छप्पन्नच्या दुष्काळानंतर, १९०१ च्या जनगणनेत, औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली.

आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं म्हणाल, तर "जालना सोने का पालना" ही म्हण त्यांच्याचमुळे आहे. मारवाडातून व्यापारी आले, रेल्वे आली, बियाण्यांचा धंदा उभा राहिला, स्टीलच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशची पोरं आली. आणि इथून जाणारेही आहेत. दिवाळीच्या आगेमागे मंठा-परतूरकडच्या वस्त्यांवरून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. पोरंही बरोबर. परततात ती उन्हाळ्याच्या तोंडाला.

आता जनगणनेचा दिवस आठवा. २०११ मध्ये माणसं मोजली ९ ते २८ फेब्रुवारीला, आणि आकडा धरला १ मार्चचा. येत्या वेळीही १ मार्च २०२७ हीच तारीख ठरली आहे. नियम असा, की जो मोजणीच्या सगळ्या दिवसांत घराबाहेर असेल, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे मंठ्याचं कुटुंब कोल्हापूरच्या फडातल्या कोपीवर मोजलं जाणार, मोजणारा तिथवर पोचला तर. २००१ मध्ये आपला जिल्हा सुमारे १६ लाख १३ हजार होता, २०११ मध्ये १९ लाख ५९ हजार. या वाढीवर आपण भाषणं करतो. या आकड्यात फेब्रुवारीचा रिकामा तांडा कुठे आहे, हे कुणी विचारत नाही.

हा नुसता पुस्तकी वाद नव्हे. सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येला एक आरोग्य उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा हिशेब आहे. स्वस्त धान्याचा राज्याचा कोटा अजून २०११ च्या आकड्यावर चालतो. पावसाळ्यात बाळंतपण मंठ्याच्या वस्तीवर होतं आणि ती बाई मात्र कोल्हापूरच्या आकड्यात असते. जमीन रिकामी होती असं अमेरिकेने लिहून ठेवलं, कारण तिथली माणसं वहीत नव्हती. आपल्या वस्त्या रिकाम्या असतात तेवढ्याच दिवसांत आपण वही उघडतो.

आणखी एक. २०११ मध्ये देशात पंचेचाळीस कोटींहून अधिक माणसं स्थलांतरित म्हणून नोंदली गेली, आणि त्यांचं सगळ्यात मोठं कारण होतं लग्न. म्हणजे इथे बसलेल्या बऱ्याचशा भगिनी जनगणनेच्या भाषेत स्थलांतरितच. "बाहेरचे लोक येऊन गर्दी करतात" असं म्हणताना आपण त्यांना त्यात धरत नाही. धरायचं कुणाला आणि सोडायचं कुणाला, हे आकडा सांगत नाही. ते मोजणारा आधीच ठरवून आलेला असतो.

तेव्हा यापुढे कुणी "लोकसंख्या वाढली" असं म्हणालं, की तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या सीमेच्या आतली? कोणत्या दिवशीची? आणि वहीबाहेर कोण राहिलं? आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये आपल्या गावात मोजणारे शिक्षक आले, की कुलूप लावलेल्या घरांची यादी ग्रामपंचायतीने स्वतः ठेवावी. किती कुटुंबं, किती माणसं, कुठल्या कारखान्याला गेली. जनगणनेचा आकडा त्याने बदलणार नाही. पण उपकेंद्र मागायला जाल, तेव्हा हातात तो कागद असेल.