मेलेल्याचे नाव काय होते? गुन्हेकथा आणि भयकथा सांगण्याविषयी एक टिपण

सुरुवातीलाच एक सूचना. या टिपणात केइगो हिगाशिनो यांच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' या कादंबरीचे रहस्य उघड केले आहे. ज्यांना ती कोरी वाचायची असेल त्यांनी आधी कादंबरी वाचावी आणि मग इकडे यावे. शेवट झाकून ठेवून रहस्यकथेची शिफारस करता येते, चिकित्सा करता येत नाही.

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवते. आमचे महाविद्यालय हैदराबादच्या बाहेर आहे आणि विद्यार्थी वारंगळ, नांदेड, लातूर, पाटणा असे कुठून कुठून येतात. भाषा-साहित्याच्या ऐच्छिक विषयाचा एक भाग म्हणून शुक्रवारी शेवटचे प्रॅक्टिकल संपल्यावर आम्ही पंधरा-वीस जण बसतो. प्रत्येकाने सध्या कोणती भयकथा किंवा गुन्हेकथा वाचतो आहे ते पाच मिनिटांत सांगायचे, एवढाच नियम. भाषा कोणतीही चालते. पाटण्याचा एक जण सुरेंद्र मोहन पाठक यांच्याखेरीज दुसरे काही आणत नाही. दिल्लीत इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये नोकरी करत करत या माणसाने तीनशेच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या, हे ऐकून आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांना उगाचच अभिमान वाटला. कोणी ब्योमकेश आणतो, कोणी अगाथा ख्रिस्ती, लातूरकर नारायण धारप. एका मुलीने आईच्या कपाटातून यंडमूरी वीरेंद्रनाथ यांची 'तुलसीदळम्' आणली होती.

दोन वर्षे हे ऐकता ऐकता एक फरक कानाला जाणवू लागला. गुन्हेकथा सांगणारा भराभर सांगतो आणि शेवटी थांबतो: "पुढचं नाही सांगत, पण काय ट्विस्ट आहे!" भयकथा सांगणारा मात्र सगळे सांगतो, अगदी शेवटापर्यंत, आणि सांगताना त्याचा आवाज खाली येतो. 'तुलसीदळम्' सांगणाऱ्या मुलीने काहीही राखून ठेवले नाही. तुलसी नावाची लहान मुलगी, तिच्यावर सोडलेला काष्मोरा, एकीकडे डॉक्टर आणि दुसरीकडे मांत्रिक. तरीही पुढच्या आठवड्यात तिघांनी ते पुस्तक मागितले. गुन्हेकथेचा शेवट कुणाच्या तोंडून निसटला की त्या पुस्तकाला गिऱ्हाईक राहत नाही.

हा फरक का पडतो, याचे नेहमीचे उत्तर आपल्या पाठ्यक्रमात आहेच. त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी 1966 च्या निबंधात दाखवले की अभिजात रहस्यकथेत दोन कथा असतात: एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. पहिली पुस्तक सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेली असते. दुसरीत काही घडत नाही, फक्त कळत जाते. एकदा कळले की यंत्र थांबले. उत्तर बरोबर आहे आणि परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतात. मला त्यातले एक राहून गेलेले टोक पकडायचे आहे, आणि ते माझ्या लक्षात आले नव्हते, एका विद्यार्थिनीच्या आले.

त्या शुक्रवारी 'सस्पेक्ट एक्स' सांगून झाली होती. 2023 मध्ये तिच्यावर 'जाने जाँ' हा हिंदी चित्रपट आल्यापासून ही कादंबरी आमच्याकडे फार फिरली. इशिगामी हा शाळेत गणित शिकवणारा बुद्धिमान, एकटा माणूस. शेजारच्या यासुकोच्या हातून तिच्या छळवादी पूर्वपतीचा, तोगाशीचा खून होतो. मुलगीही त्यात सामील असते. इशिगामी सगळी जबाबदारी अंगावर घेतो. नदीकाठी चेहरा ठेचलेला, बोटे जाळलेला मृतदेह सापडतो. पोलीस तो तोगाशीचा धरतात आणि यासुकोने त्या संध्याकाळचा दिलेला हिशेब तपासत राहतात. तो हिशेब खराच असतो, कारण खून आदल्या दिवशी झालेला असतो. सापडलेला मृतदेह दुसऱ्याच एका माणसाचा आहे. पोलिसांना चुकीची तारीख मिळावी म्हणून इशिगामीने त्याला मारले आहे. गणिताच्या दृष्टीने युक्ती देखणी आहे. प्रश्न भूमितीचा वाटतो, सोडवायचा असतो बीजगणिताने. आमच्या मंडळींना ती आवडणे साहजिक होते. हिगाशिनो स्वतः विद्युत अभियांत्रिकी शिकलेले, काही वर्षे डेन्सो कंपनीत इंजिनिअर म्हणून काम केलेले.

सिव्हिलची एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, तिने विचारले, "पण मॅडम, तो दुसरा माणूस कोण होता?"

कादंबरी वाचलेले आम्ही पाच जण होतो. पाचही जण एकमेकांकडे पाहत राहिलो. अखेर एक जण म्हणाला, "कोणीतरी बेघर." मी ती कादंबरी दोनदा वाचली होती. मला त्याचे काहीच आठवेना.

घरी येऊन पहिले प्रकरण उघडले. माणूस तिथेच होता, पहिल्या काही पानांत. इशिगामी रोज नदीकाठच्या बेघर माणसांच्या झोपड्यांवरून शाळेत जातो. त्यांतला एक अलीकडेच आलेला आहे. त्याचे कपडे अजून नोकरदाराचे आहेत आणि हातात तांत्रिक विषयाचे मासिक असते. इशिगामीने मनातल्या मनात त्याला एक नाव ठेवले आहे: 'इंजिनिअर'.

एवढेच. खरे नाव पुस्तकात कुठेच येत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात बसून आम्ही पाच जण ही कथा सांगत होतो, तिच्या रचनेचे कौतुक करत होतो, आणि तिच्यात मारला गेलेला इंजिनिअर आमच्यापैकी एकालाही आठवला नव्हता.

ही वाचकाची चूक की लेखकाची? मला वाटते, लेखकाने ती चूक आपल्याकडून करवून घेतली आहे, आणि पुरती मात्र सुधारलेली नाही. त्या माणसाला पहिल्या पानांतच उभे करून ठेवणे ही जाणीवपूर्वक केलेली गोष्ट आहे. इशिगामीला ही माणसे घड्याळासारखी चालणारी दिसतात, आणि आपल्यालाही ती देखाव्याचा भागच वाटतात. पुढे भौतिकशास्त्रज्ञ युकावा त्याला दातेरी चाकाचीच उपमा देऊन सुनावतो की जगात निरुपयोगी चाक नसते. इथे लेखकाला कळले आहे की काय घडले. पण त्यानंतरची पाने पाहा. सगळी करुणा इशिगामीच्या वाट्याला जाते. पुस्तकाच्या नावातच त्याची निष्ठा आहे. शेवटी वाचक रडतो तो खुनी माणसासाठी. 'इंजिनिअर' त्या प्रेमाची किंमत म्हणून खर्ची पडतो, आणि ती किंमत किती मोठी होती हे आपल्याला मोजता येत नाही, कारण तो कोण होता, कुणाचा होता, त्याला कोणी शोधत होते का, यातले काही आपल्याला दिलेलेच नाही. जपानी समीक्षकांमध्ये या कादंबरीवरून मोठा वाद झाला, तोही मुख्यतः ही खरी कोड्याची रहस्यकथा आहे की नाही यावर.

मग मी पुढच्या बैठकीपासून प्रत्येक गुन्हेकथेनंतर एकच प्रश्न विचारू लागले: मेलेल्याचे नाव काय होते? फार थोड्या वेळा उत्तर मिळाले. 1926 च्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'मध्ये नाव तर मुखपृष्ठावरच आहे. पण तो माणूस कसा होता असे विचारल्यावर 'श्रीमंत होता' यापलीकडे कुणाला जाता आले नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचनालयातून आणून एका रात्रीत संपवणारी माझ्या वडिलांची पिढी. त्यांना फोनवर विचारले, तर झुंजार आठवला, काळा पहाड आठवला, बळी एकही नाही. हजाराहून अधिक कथा लिहिणाऱ्या लेखकाकडून वेगळी अपेक्षा करणेही बरोबर नाही म्हणा. आपल्या भाषांमधली या प्रकाराची नावेच पाहा. मराठीत हेरकथा किंवा रहस्यकथा, हिंदीत जासूसी, बंगालीत गोयेंदा कहाणी, तेलुगूत अपराध परिशोधन. कुठे शोधणारा आहे, कुठे शोध. भयकथेचे नाव मात्र ज्याला भय वाटते त्याच्याकडे बोट दाखवते.

आणि भयकथेबद्दल विचारले की नावे लगेच येतात. तुलसी. 'ड्रॅक्युला'तली ल्यूसी. 'तुंबाड' या 2018 च्या चित्रपटाच्या मुळाशी धारपांची 'आजी' ही कथा आहे आणि तिच्यामागे स्टीफन किंग यांची 'ग्रॅमा'. त्या 'ग्रॅमा'तला अंथरुणाला खिळलेल्या आजीबरोबर घरात एकटा सापडलेला अकरा वर्षांचा जॉर्ज आमच्या लातूरकराला चेहऱ्यासकट आठवतो.

इथे अभिनवगुप्तांचा एक दाखला उपयोगी पडतो. रसचर्चेत भयानकाचे उदाहरण देताना ते 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातले हरीण घेतात. मागे दुष्यंताचा रथ, पुढे मान वळवून वळवून पळणारे हरीण. प्रेक्षक ते भय आस्वादतो तो हरणाच्या अंगाने. हरीण पुढे वाचते हे ज्याला ठाऊक आहे त्यालाही ते भय जाणवते, म्हणूनच तो प्रवेश हजारदा पाहता येतो. गुन्हेकथा आपल्याला रथात बसवते. तिथून धावण्याचा वेग दिसतो, नेम दिसतो, बाण लागणार की नाही याची उत्कंठा लागते. हरणाचा चेहरा फक्त सावज म्हणून दिसतो. मला स्वतःला रथात बसायला आवडते, हे नाकारत नाही.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची 1902 ची 'द मंकीज पॉ' ही कथा मी औद्योगिक सुरक्षिततेच्या तासालाही वापरते. म्हातारे आईबाप माकडाच्या पंजाकडे दोनशे पौंड मागतात. दुसऱ्या दिवशी मुलगा हर्बर्ट कारखान्यात यंत्रात सापडून मरतो, आणि कंपनीचा माणूस भरपाई घेऊन येतो: दोनशे पौंड. कंपनी कसलीही जबाबदारी स्वीकारत नाही, हेही तो सांगतो. जग या कथेला पंजाची गोष्ट म्हणून ओळखते. मला तिच्यात सर्वांत भयंकर वाटतो तो कंपनीचा माणूस. पण रात्री दार वाजते तेव्हा बाहेर कोण आहे हे आपल्याला माहीत असते, कारण मरणाच्या आदल्या संध्याकाळी तो वडिलांबरोबर बुद्धिबळ खेळताना आपण पाहिलेला आहे. जेकब्ज यांनी ती एक साधी संध्याकाळ दिली नसती तर पंजाचे काही चालले नसते.

शिकवायला लागण्यापूर्वी मी तीन वर्षे एका कारखान्यात होते. तिथे प्रेसवर एक कंत्राटी कामगार गेला. चौकशीच्या अहवालाचे टंकन माझ्याकडे आले होते. यंत्राचा क्रमांक, पाळी, गार्ड बसवलेला होता की काढलेला, क्लचची अवस्था, कारणांची साखळी, सगळे नेमके होते. माणसाच्या जागी 'एक कंत्राटी कामगार' असे होते. मी विचारले, तेव्हा नाव ठेकेदाराकडे असेल असे सांगण्यात आले. मी अहवाल तसाच टंकून दिला. तो तपास उत्तम होता, असे मी तेव्हा मानत असे. 'इंजिनिअर'चे पान पुन्हा वाचताना मला तो अहवाल आठवला, आणि त्या माणसाचे नाव मला आजही माहीत नाही.

गुन्हेकथेला हे जमतच नाही असा मात्र याचा अर्थ नाही. माय श्योवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडीची 1965 ची 'रोसअ‍ॅना' घ्या. गाळ काढणाऱ्या यंत्राच्या बादलीतून कालव्याच्या लॉकजवळ एका स्त्रीचा मृतदेह वर येतो. ती कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागात शोध खुन्याचा नसतो, तिच्या नावाचा असतो. महिने उलटतात. अखेर अमेरिकेतल्या लिंकन, नेब्रास्काहून उत्तर येते: रोसअ‍ॅना मॅकग्रॉ, ग्रंथपाल. तिथून मार्टिन बेक तिच्या सवयी, तिचे मित्र, तिचा स्वभाव समजून घेत जातो, आणि खुनी सापडतो तोही तिला ओळखल्यामुळे. तोदोरोव्ह यांची पहिली, हरवलेली कथा इथे एका बाईच्या आयुष्यासकट परत येते. या पुस्तकाचा शेवट मी वर्गात दोनदा सांगून टाकला आहे. तरी मुले ते नेतात.

ब्योमकेशबद्दल मला अजून निर्णय करता आलेला नाही. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी त्याला 'गोयेंदा' हा शब्द नाकारायला लावला आणि 'सत्यान्वेषी' म्हणवून घेतले. पंधराएक वर्षांच्या खंडानंतर 1951 मध्ये तो परतला तेव्हा लेखक मुंबईत चित्रपटांसाठी लिहून पुण्यात स्थायिक होण्याच्या बेतात होते. नंतरच्या कथांत कुटुंबे, लोभ, जुनी वैरे जास्त दिसतात. मेलेला माणूस जिवंत असताना कसा वागला, यावर काही कथा उभ्या आहेत. पण तो सत्य शोधतो म्हणजे नेमके कुणाविषयीचे, याचे उत्तर प्रत्येक कथेत वेगळे येते. पुढच्या सत्रात त्या कथा हाच प्रश्न हातात घेऊन वाचायच्या आहेत. ज्यांना बंगाली येते त्यांनी मूळ वाचावे, इतरांसाठी हिंदी अनुवाद ग्रंथालयात आहेत.

स्वाध्यायासाठी तुम्ही अलीकडे वाचलेली कोणतीही एक गुन्हेकथा घ्या आणि ती मेलेल्या व्यक्तीपासून सुरू करून दोन पानांत सांगा. पुस्तकात जेवढे आहे तेवढेच वापरायचे, पदरचे काही घालायचे नाही. मागच्या वर्षी एका मुलाने 'सस्पेक्ट एक्स' घेतली होती. त्याचे उत्तर नऊ ओळींत संपले. पुस्तक चाळून चाळून आणखी काही सापडत नाही म्हणून तो दोनदा माझ्याकडे येऊन गेला. मी त्याला पूर्ण गुण दिले.